जोडीला कोण?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयुष्यभर शाळेच्या मैदानावर खो-खो आणि कबड्डी शिकवत राहिले. एखाद्या संघाचा प्रशिक्षक झालो, हे सांगायला त्यांचा कुणी जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला की सर पेढा बाजूला ठेवायचे आणि विचारायचे, "जोडीला कोण?" अभिनंदन नंतर. आजचं माझं बोलणं या एका प्रश्नापुरतं आहे. उदाहरण मात्र मी तुमच्या-माझ्या ओळखीच्या खेळातलं घेतलेलं नाही. ते ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधलं आहे, ज्याला तिकडची माणसं 'फूटी' म्हणतात. दूरचं उदाहरण घेण्यात एक सोय असते. त्यात आपला कुणी भाचा-पुतण्या खेळत नसतो, त्यामुळे जरा मोकळेपणानं बोलता येतं.

पण अगदीच परक्या ठिकाणी मी तुम्हाला नेत नाही. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड तुम्हाला माहीत आहे. २०२०च्या डिसेंबरात, ॲडलेडला छत्तीस धावांत गारद झालेला आपला संघ घेऊन अजिंक्य रहाणे तिथे उतरला आणि ११२ धावा करून सामना फिरवला. त्या दिवशी त्याला सामनावीर म्हणून जॉनी मुलाघ पदक मिळालं. हे पदक मिळवणारा तो पहिला खेळाडू. मुलाघ हा आदिवासी क्रिकेटपटू. १८६८मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या संघातला तो सगळ्यात गुणी खेळाडू. त्याआधी, १८६६च्या बॉक्सिंग डेला, याच मैदानावर हा आदिवासी संघ खेळला, तेव्हा त्याचा कर्णधार आणि प्रशिक्षक होता टॉम विल्स नावाचा गोरा माणूस. त्याच्या आधी पाचच वर्षांपूर्वी क्वीन्सलंडमध्ये आदिवासींनी केलेल्या हल्ल्यात विल्सचे वडील मारले गेले होते, आणि तरीही तो या मुलांना शिकवायला गेला. का गेला, यावर तिकडे अजून वाद चालतात. हाच टॉम विल्स फूटीच्या जन्मदात्यांपैकी एक. क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात सुस्त पडू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, असं पत्र त्यानं १८५८च्या जुलैत एका नियतकालिकाला लिहिलं, आणि पुढच्या वर्षी, १८५९च्या मे महिन्यात, तिघा-चौघांनी बसून नियम लिहून काढले. म्हणजे रहाणेच्या गळ्यातल्या पदकापासून या खेळाच्या पहिल्या नियमपत्रिकेपर्यंत मध्ये एकच माणूस उभा आहे.

आता खेळ थोडक्यात. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. एका बाजूला अठरा खेळाडू, म्हणजे एकूण छत्तीस. चेंडूही लंबगोल. तो पायानं मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसा मारून साथीदाराला द्यायचा; फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथेनं चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर 'बिहाइंड', एक गुण. म्हणजे थोडक्यात हुकलं तरी काहीतरी पदरात पडतं, ही या खेळाची उदारता मला आवडते. किमान पंधरा मीटर आलेली किक हवेत स्वच्छ झेलली तर तो 'मार्क', मग झेलणाऱ्याला निवांत किक मारता येते. वीस-वीस मिनिटांचे चार डाव. थांबलेला वेळ वरून मिळवतात, त्यामुळे एकेक डाव अर्ध्या तासाच्या घरात जातो. ऑफसाइड नाही. कुणीही कुठेही जाऊ शकतो, आणि जातो.

या शेवटच्या गोष्टीमुळे प्रशिक्षकाची मोठी पंचाईत होते. क्रिकेटमध्ये दर चेंडूनंतर थांबा आहे. कबड्डीत चढाई संपते, टाइमआउट मिळतो. फूटीत टाइमआउट नाही. दीडशे मीटरहून लांब मैदानावर छत्तीस माणसं चहूदिशांना धावताहेत आणि प्रशिक्षक वर, प्रेक्षागृहातल्या काचेच्या खोलीत बसलेला. पूर्वी निरोप्या मैदानात धावत जाऊन खेळाडूच्या कानाला लागायचा. २०१९मध्ये त्याच्यावरही निर्बंध आले, गोल झाल्यावरच त्याला आत जाता येईल असं ठरलं. म्हणजे चेंडू खेळात असताना मुख्य प्रशिक्षकाच्या हातात फारसं काही उरत नाही. बचावफळीकडे एक सहायक बघतो, मधल्या फळीकडे दुसरा, आक्रमणाकडे तिसरा. एक जण प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करून आलेला असतो. नव्या पोरांना घडवणारे वेगळे. मुख्य प्रशिक्षक काय बघतो? बऱ्याचदा या माणसांनी जे बघितलं, ते. त्याचे डोळे उसने असतात.

हे नेहमीच असं नव्हतं. मेलबर्नमधल्या कॉलिंगवुड क्लबचा जॉक मॅकहेल १९१२ ते १९४९ असा सलग प्रशिक्षक होता. ७१४ सामने, आठ विजेतेपदं, त्यातली चार १९२७ ते १९३० अशी लागोपाठ. आज विजेत्या प्रशिक्षकाला मिळतं ते पदक त्याच्याच नावाचं. त्या काळात प्रशिक्षक म्हणजे एकटा माणूस आणि त्याचा आवाज. तो आवाज सगळ्यात जास्त गाजला १९७०च्या अंतिम सामन्यात. मैदानावर १,२१,६९६ प्रेक्षक. कार्लटन मध्यंतराला कॉलिंगवुडच्या ४४ गुणांनी मागे. कार्लटनचा प्रशिक्षक रॉन बरासी यानं खोलीत पोरांना सांगितलं, की आता हातानं चेंडू द्या, पुन्हा हातानं द्या, जोखीम घ्या. टेड हॉपकिन्स नावाचा राखीव खेळाडू त्यानं मैदानात उतरवला, त्यानं चार गोल केले, आणि कार्लटन १० गुणांनी जिंकलं. ही कथा ऑस्ट्रेलियात तीन पिढ्या सांगितली जाते आहे, आणि त्या कथेनं एक नुकसानही केलं असं मला वाटतं. मध्यंतरातल्या एका भाषणानं सामना फिरतो, अशी सगळ्यांची समजूत झाली. गंमत अशी की तोच हॉपकिन्स पुढे खेळाची आकडेवारी ठेवणारी कंपनी काढून बसला. भाषणाच्या जोरावर फिरलेल्या म्हणून गाजलेल्या सामन्याचा नायक आकड्यांच्या मागे लागला, यावरून काय ते समजा.

एकट्या आवाजाचा काळ संपला तो हळूहळू. पण कुणाकडे बोट दाखवायचंच असेल तर मी ॲलिस्टर क्लार्कसनकडे दाखवीन. २००५च्या हंगामापासून तो हॉथॉर्नचा प्रशिक्षक. २००८मध्ये त्याच्या संघानं अंतिम सामन्यात जिलाँगला २६ गुणांनी हरवलं. ते जिलाँग तोवर अख्ख्या हंगामात एकच सामना हरलं होतं. प्रत्येकानं आपल्या माणसाला चिकटून राहायचं सोडून सगळ्यांनी मिळून जागा अडवायची, हा त्याचा डाव, 'क्लार्कसनचा क्लस्टर' म्हणून प्रसिद्ध झाला. पुढे २०१३, १४ आणि १५ अशी सलग तीन विजेतेपदं. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं ते यानंतरचं आहे. २०१६ला वेस्टर्न बुलडॉग्ज जिंकले, प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज. २०१७, २०१९ आणि २०२०ला रिचमंड, प्रशिक्षक डेमियन हार्डविक. २०१८ला वेस्ट कोस्ट, प्रशिक्षक ॲडम सिम्पसन. हे तिघेही क्लार्कसनच्या हाताखाली हॉथॉर्नला सहायक होते. म्हणजे हॉथॉर्नची सद्दी संपल्यावर पाच वर्षं विजेतेपद हॉथॉर्नच्या सहायकांच्या खोलीतच फिरत राहिलं. आपल्यापेक्षा पुढे जातील अशी माणसं बाजूला बसवायला छाती लागते. आपल्याकडे अशी छाती किती जणांना आहे, हे मी आज मोजत बसत नाही.

आता मुख्य कथेकडे येतो. क्लब पुन्हा तोच, कॉलिंगवुड. काळे-पांढरे पट्टे, अफाट पाठीराखे आणि बाकी सगळ्या मेलबर्नचा मनापासूनचा राग, असा हा क्लब. २०१८मध्ये नेथन बकलीच्या मार्गदर्शनाखाली ते अंतिम सामना पाच गुणांनी हरले. तिथून घसरण. २०२०च्या अखेरीस पगाराचं गणित कोसळलं म्हणून चांगले खेळाडू दुसऱ्या क्लबांना देऊन टाकावे लागले. २०२१च्या फेब्रुवारीत, क्लबमध्ये वंशभेद मुरलेला आहे असं सांगणारा अहवाल बाहेर आला आणि वर्षानुवर्षं गादीवर असलेल्या अध्यक्षाला जावं लागलं. जूनमध्ये बकली पायउतार झाला. हंगाम संपला तेव्हा अठरा संघांत कॉलिंगवुड सतरावं होतं, सहा विजय खात्यावर.

अशा क्लबनं सप्टेंबरात क्रेग मॅक्रेला नेमलं. मोठं नाव नव्हे. खेळाडू म्हणून तो ब्रिस्बेन लायन्सचा. २००१, २००२, २००३ अशी तीन विजेतेपदं मिळवणाऱ्या संघातला चपळ, लहान चणीचा आक्रमक. त्यातली शेवटची दोन कॉलिंगवुडलाच हरवून मिळवलेली. नंतर बरीच वर्षं त्यानं पोरांना घडवण्याचं काम केलं, ज्याला टाळ्या नसतात. २०१९मध्ये रिचमंडच्या दुय्यम संघाला त्यानं व्हीएफएल ही राज्य पातळीवरची स्पर्धा जिंकून दिली. २०२१मध्ये हॉथॉर्नला सहायक. मुख्य प्रशिक्षक म्हणून वरच्या लीगमध्ये ही त्याची पहिलीच नेमणूक.

नव्या प्रशिक्षकानं आल्या आल्या शैलीची घोषणा करायची असते. आक्रमक खेळू, वेगानं खेळू, लोकांना आवडेल असं खेळू. हे सगळेच म्हणतात. सावकाश आणि कंटाळवाणं खेळू असं म्हणणारा प्रशिक्षक अजून जन्माला यायचा आहे. (एक २००५चा सिडनीचा पॉल रूस त्याच्या जवळ जातो. त्याच्या खेळाला लीगच्या प्रमुखानं जाहीर नावं ठेवली होती, आणि त्याच वर्षी त्यानं ७२ वर्षांचा दुष्काळ संपवून विजेतेपद नेलं. ते असो.) घोषणेवरून काही कळत नाही. कळतं ते जोडीला कोण घेतलं त्यावरून.

मॅक्रेनं कुणाला घेतलं? जस्टिन लेपिच. ब्रेंडन बोल्टन. ही दोन नावं ऐकून मेलबर्नमध्ये पुष्कळांच्या भुवया वर गेल्या असतील. लेपिच हा मॅक्रेचा ब्रिस्बेनमधला जुना साथीदार, नामांकित बचावपटू. २०१४ ते २०१६ तो ब्रिस्बेनचाच मुख्य प्रशिक्षक होता. ६६ सामन्यांत १४ विजय. काढून टाकला. बोल्टन टास्मानियाचा शिक्षक, वरच्या लीगमध्ये एकही सामना न खेळलेला. क्लार्कसनच्या हाताखाली तयार झालेला. २०१४मध्ये क्लार्कसन आजारी पडला तेव्हा यानं पाच सामने संघ सांभाळला आणि पाचही जिंकले. त्या जोरावर कार्लटननं त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. ७७ सामन्यांत १६ विजय. २०१९च्या जूनमध्ये काढून टाकला.

म्हणजे पहिल्यांदाच मुख्य प्रशिक्षक झालेला माणूस, आणि त्याच्या दोन बाजूंना हेच काम करून तोंडघशी पडलेली दोन माणसं. या दोघांच्या पाठीशी मिळून १४३ सामने आणि ३० विजय. एखाद्या कार्यकारिणीपुढे हे कागद ठेवून बघा. पहिला प्रश्न येईल, "जिंकणारी माणसं मिळाली नाहीत का?" दुसरा प्रश्न जास्त धूर्त असेल: "उद्या चार सामने हरलास तर यांच्यापैकीच कुणीतरी तुझ्या खुर्चीवर बसेल, चालेल?" त्यात पैसाही तोकडा. कोविडनंतर लीगनं प्रत्येक क्लबच्या फुटबॉल विभागाच्या खर्चाची मर्यादा सुमारे ९७ लाख डॉलरवरून ६२ लाखांवर आणली होती. खेळाडूंचे पगार यात नाहीत; प्रशिक्षक, वैद्यकीय मदतनीस, विश्लेषक यांचा हा खर्च. सगळीकडे सहायक कमी होत होते. अशा वेळी एकेक जागा फार विचारपूर्वक भरावी लागते. एसेंडनहून हेडन स्किपवर्थ आला, नुकताच निवृत्त झालेला जॉर्डन रफहेड प्रशिक्षकांत आला, नव्या खेळाडूंसाठी नेव्हिल जेट्टा हा आदिवासी समाजातला मान्यवर माजी खेळाडू आला. वंशभेदाच्या अहवालाला वर्षही झालं नव्हतं, हे लक्षात घ्या.

पण मी त्या दोन हरलेल्या माणसांजवळ थोडा वेळ थांबणार आहे, कारण माझ्या मते कॉलिंगवुडची शैली तिथेच ठरली.

ती शैली काय होती ते आधी पाहू. फूटीत बचावाच्या क्षेत्रात चेंडू हाती आला की दोन वाटा असतात. एक, कडेकडेनं जायचं. चेंडू गेला तरी तिथून थेट गोल होत नाही. निवांत मार्क घ्यायचा, इकडेतिकडे बघायचं, सुरक्षित माणूस शोधायचा. दुसरी वाट मैदानाच्या मधोमध, तिथले लोक 'कॉरिडॉर' म्हणतात तिथून. अंतर कमी, गोल लवकर. पण मध्येच चेंडू हिरावला गेला तर तुमची बचावफळी उघडी पडलेली असते आणि समोरचा सहा गुण घेऊन जातो. कॉलिंगवुडनं दुसरी वाट धरली, तीही धावत. चेंडू मिळाला की थांबायचं नाही. मार्क घेतला तरी मागे सरकून श्वास घेत बसायचं नाही, लगेच खेळायचं. समोरच्याची फळी जागेवर येण्याआधी चेंडू तिच्या पलीकडे गेला पाहिजे. चेंडू नीट हातात येत नसेल तर तो जमिनीवरून का होईना, पुढे ढकलायचा. मागे उंच डार्सी मूर आणि त्याचे साथीदार, समोरून आलेली किक मध्येच झेलायला पुढे सरसावून उभे. तिथून चेंडू फिरला की निक डेकॉससारखा पहिल्याच हंगामातला पोरगा अर्ध्या मैदानातून सुटायचा. २०२१मध्ये लीगनं एक नियमही केला होता, की मार्क घेतलेल्या खेळाडूसमोर उभा असलेला प्रतिस्पर्धी जागचा हलणार नाही. त्यानं अशा खेळाला आणखी वाव मिळाला.

हा खेळ बघायला सुंदर आणि खेळायला भयंकर. कारण यात चूक होणारच, आणि ती झाली की सगळ्या स्टेडियमला दिसते. एकोणीस वर्षांच्या पोरानं मधोमध किक मारली, ती समोरच्याच्या हातात गेली, गोल बसला. आता पुढच्या वेळी चेंडू हातात आल्यावर तो काय करेल? सामन्यातला सगळा निर्णय या एका क्षणी होतो. मधल्या वाटेनं पुन्हा मारली तर शैली जिवंत आहे. कडेनं मारली तर फळ्यावर काहीही लिहिलेलं असो, शैली मेली. आणि तो काय करेल हे ठरतं सोमवारी, चित्रफीत बघताना त्याच्या शेजारी बसलेल्या सहायकाच्या चेहऱ्यावर. त्या सहायकाला स्वतःच्या नोकरीची धास्ती असेल, आपली फळी स्वच्छ दिसावी एवढीच त्याची इच्छा असेल, तर तो म्हणणार, "बाबा रे, पुढच्या वेळी जपून." मुख्य प्रशिक्षक वरून धाडसाच्या गोष्टी सांगतोय आणि खाली प्रत्येक फळीत जपून खेळायची शिकवण चालू आहे, असे संघ मी आपल्याकडेही पाहिले आहेत. खेळाडू कुणाचं ऐकतात? जो रोज शेजारी बसतो त्याचं.

लेपिच आणि बोल्टन यांच्यापाशी गमावण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. सगळ्या देशासमोर हरणं, पाठीराख्यांच्या शिव्या, पत्रकार परिषदेत उतरलेला चेहरा, शेवटी हकालपट्टी, हे सगळं त्यांचं भोगून झालं होतं. त्यातून माणूस जगतो, हे त्यांना ठाऊक होतं. आणि मॅक्रेला जे माहीत नव्हतं तेही त्यांना माहीत होतं: मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची पहिल्या दोन वर्षांत कुठे करकरते. लेपिचनं तर मधल्या काळात दुसरं टोकही पाहिलं होतं. ब्रिस्बेननं काढल्यावर तो हार्डविकच्या रिचमंडला परतला. २०१६ला तेरावं आलेलं रिचमंड. हार्डविकनं त्या वर्षी स्वतःला बदललं आणि बाजूची माणसंही बदलली. लेपिच आला, जिलाँगहून ब्लेक काराचेला आला, फुटबॉलप्रमुख म्हणून नील बाम आला. पुढच्याच वर्षी, ३७ वर्षांनी, रिचमंड विजेतं झालं. बुटक्या, चपळ, अखंड धावणाऱ्या आक्रमकांची फौज पुढे ठेवून. तीच चटक मॅक्रेलाही रिचमंडलाच लागलेली. म्हणजे ही मैत्रीखातर झालेली भरती नव्हती. दोघांनी एक प्रयोग आतून पाहिलेला होता.

निकाल सांगतो. २०२२ची सुरुवात यथातथा. पहिल्या नऊ सामन्यांत चार विजय, पाच पराभव. इथे घाबरून कडेची वाट धरणं सगळ्यात सोपं होतं. त्यांनी धरली नाही. नंतर सलग अकरा सामने जिंकले. त्यात एसेंडनविरुद्ध जेमी इलियटनं अंतिम सायरन वाजल्यानंतर, सीमारेषेलगतच्या अवघड कोनातून केलेला गोल. साखळीच्या शेवटच्या सामन्यात कार्लटनला एका गुणानं हरवलं आणि त्या एका गुणानं कार्लटन बाद फेरीला मुकलं. बोल्टन त्या दिवशी ज्या बाकावर होता, त्याच्या समोरच्या संघातली बरीच पोरं त्यानंच घडवलेली होती. आदल्या वर्षी सतरावा आलेला संघ चौथा आला आणि उपांत्य सामन्यात सिडनीकडून ९४ विरुद्ध ९५ असा, एका गुणानं हरला.

२०२३ला ते तालिकेत पहिले होते. बाद फेरीत मेलबर्न क्लबला ७ गुणांनी हरवलं, जीडब्ल्यूएस या संघाला एका गुणानं. अंतिम सामना ३० सप्टेंबरला, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, १,००,०२४ प्रेक्षकांसमोर, ब्रिस्बेनशी. त्याच सकाळी मॅक्रेच्या घरी मुलगी जन्माला आली आणि दुपारी तो मैदानावर होता. समोर ब्रिस्बेनचा प्रशिक्षक होता ख्रिस फेगन. २०१६ला लेपिचला काढून ब्रिस्बेननं ज्याला आणलं, तोच. तोही टास्मानियाचा शिक्षक, तोही वरच्या लीगमध्ये न खेळलेला, आणि तोही क्लार्कसनच्या खोलीतला. पुन्हा आठवा, मॅक्रे आणि लेपिच हे दोघे ब्रिस्बेनच्या तिन्ही विजेतेपदांचे मानकरी. एका बाजूच्या बाकावर बसलेल्यांचा सगळा भूतकाळ दुसऱ्या बाजूला होता. आघाडी सारखी इकडून तिकडे जात राहिली. शेवटच्या डावात जॉर्डन डी गोई आणि स्टील साइडबॉटम यांनी लांबून गोल केले, ब्रिस्बेनच्या जो डॅनिहरनं अंतर चार गुणांवर आणलं, आणि तिथेच ते थांबलं. कॉलिंगवुड ९०, ब्रिस्बेन ८६. चार गोल करणारा बॉबी हिल, जो आदल्याच वर्षी कर्करोगातून उठला होता, सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. क्लबचं हे सोळावं विजेतेपद.

आता इथे तुमच्यातला कुणीतरी हिशेबी माणूस हात वर करेल, आणि तो करावाच. बाद फेरीतले तीन विजय ७, १ आणि ४ गुणांचे. बेरीज बारा. म्हणजे तीन सामन्यांत मिळून दोन गोलांचा फरक. याला शैली म्हणायचं की नशीब? २०२२मध्ये तर त्यांनी केलेल्या आणि खाल्लेल्या गुणांचं प्रमाण चौथ्या क्रमांकाच्या संघाला शोभणारं नव्हतंच. आकडेवाले तेव्हाच म्हणत होते, की अटीतटीचे सामने कायम जिंकता येत नाहीत, नाणं पुन्हा उलटं पडेल. ते खरं ठरलं. २०२४ला कॉलिंगवुड नववं आलं, बाद फेरीलाही मुकलं. २०२५ला परत चौथं, आणि उपांत्य सामन्यात ब्रिस्बेनकडून हरलं. फेगनच्या ब्रिस्बेननं २०२४ आणि २०२५ अशी दोन्ही विजेतेपदं नेली.

माझं मत विचाराल तर नशीब होतंच. पण शेवटच्या पाच मिनिटांत एका गुणाची आघाडी असताना काय करायचं आणि पिछाडी असताना काय करायचं, याचा हा संघ मुद्दाम सराव करत असे. असे क्षण सरावात उभे करून ते खेळत. नशिबाला दार उघडं ठेवायचं काम त्यांनी केलं, बाकीचं नशिबानं केलं. आणि जोखमीचा खेळ खेळणाऱ्या संघाच्या वाट्याला एखादं नववं स्थान येणारच. ते सोसायची तयारी नसेल तर ती शैली घेऊच नये. २०२४नंतर मॅक्रेला कुणी काढलं नाही, हे कॉलिंगवुडच्या बाजूनं नोंदवायला हवं. २०२१चं कॉलिंगवुड इतकं धीराचं राहिलं असतं, असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला मॅक्रेच्या गोष्टीपेक्षा लेपिचच्या गोष्टीत जास्त दिसते. ६६ सामन्यांत १४ विजय मिळवणारा प्रशिक्षक आणि दोन वेगवेगळ्या क्लबांच्या विजेतेपदांत वाटा असलेला सहायक, हा एकच माणूस. मग तो चांगला की वाईट? आपल्याकडे संघ हरला की संस्थेच्या वार्षिक सभेत प्रशिक्षकाचं नाव खोडलं जातं, आणि ते कायमचं खोडलं जातं. तो जे शिकला ते शिकवायला त्याला परत कुणी बोलवत नाही. जिल्हा संघांचे असे किती प्रशिक्षक आज पतपेढीत नाहीतर घरी बसले आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यातले दोघं-तिघं आज या सभागृहातही आहेत. त्यांना मी ओळखतो, नावं घेत नाही.

इथे क्रीडा संघटनांचे पदाधिकारी बऱ्याच संख्येनं आले आहेत, म्हणून एक मागणं मागून थांबतो. आपल्याकडे मुख्य प्रशिक्षक निवड समिती नेमते, सहायक कार्यकारिणी नेमते, आणि व्यवस्थापक कुणाचा तरी पाहुणा असतो. तिघांची पहिली भेट शिबिराच्या उद्घाटनाला होते. पुढच्या हंगामापासून एवढं करा: मुख्य प्रशिक्षकाच्या नेमणुकीच्या पत्रातच लिहून द्या, की त्याचे सहायक तो निवडेल. आणि मुलाखतीला आलेल्या उमेदवाराकडे त्याच्या डावपेचांचा आराखडा मागण्याआधी दोन नावं मागा. ती नावं हरलेल्या माणसांची असली तर यादी बाजूला सारू नका. ती का घेतली, हे त्याला नीट विचारा.